गहाणाआधीची वही : चांदा मुलखातील उधारी, पत आणि जमीन (धागा)

चंद्रपुरात किंवा गडचिरोलीत आज कोणी गृहकर्जासाठी अर्ज केला, की घराचा नकाशा पाहण्याआधी बँक अर्जदाराच्या क्रेडिट कार्डाचा इतिहास उघडते. गहाण पडणार असते घर. तपासली जाते ती किराणा, पेट्रोल आणि मोबाइलची उधारी. ही रीत नवी भासते. परंतु याच मुलखात दीडशे वर्षांपूर्वी जमिनीचे गहाणखत लिहिले जाई, तेव्हाही आधी लहान उधारीची वहीच उघडली जात असे. ती वही ज्याच्या नावाची, त्याला मात्र ती वाचता येत नसे. हा धागा त्या वहीविषयी आहे.

प्रथम मुलूख. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. चांदा त्यातच होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, १८७४ मध्ये गोदावरीकाठचा सिरोंचा भाग चांदा जिल्ह्याला जोडला गेला. चांद्याचे चंद्रपूर झाले १९६४ मध्ये. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. पुढे 'चांदा' असे म्हटले आहे तेथे हे दोन्ही जिल्हे समजावेत.

गहाण ठेवायचे तर आधी विकता येण्याजोगे काही हाती असावे लागते. भोसल्यांच्या अमलात गावचा पाटील सारा गोळा करी, लागवड वाढवी, मान मिळवी. पण गाव त्याच्या मालकीचे नव्हते. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ च्या आपल्या अहवालात येथील जमीनव्यवस्थेची जी तपशीलवार नोंद केली, तीतही पाटलाचे स्थान सरकारी वसुलीदाराच्या जवळचेच दिसते. जे विकता येत नाही, त्यावर सावकार मोठी रक्कम कशाला सोडील? त्या काळी कर्ज होते, तगादा होता, दारात धरणे धरून बसणेही होते. जमिनीचे गहाण मात्र दुय्यम होते.

इंग्रजी जमाबंदीने हे चित्र पालटले. १८६० च्या दशकात मध्य प्रांतात मालगुजारांना गावाचे मालक म्हणून मान्यता मिळाली. चांदा जिल्ह्याची जमाबंदी मेजर ल्युसी स्मिथ याने केली आणि तिचा अहवाल १८६९ चा आहे. इतिहासप्रेमींनी तो आवर्जून वाचावा, कारण जमिनीबरोबरच तलाव, जंगल, जाती आणि किल्ले यांचे त्यातील वर्णन आजही उपयोगी पडते. अधिकाऱ्यांची अपेक्षा अशी, की मालकी मिळाली म्हणजे मालगुजार गावात पैसा गुंतवील. कागदावर मालकी आली खरी, पण तिच्या पाठोपाठ गाव गहाण टाकण्याची सोयही आली.

ही सोय सर्वांना सारखी नव्हती. मालगुजाराला आपला हिस्सा गहाण ठेवता येई. 'मालिक-मकबुजा' म्हणून नोंद झालेला शेतकरी आपल्या तुकड्याचा पूर्ण मालक असे, म्हणून त्यालाही ते शक्य होते. परंतु गावात बहुसंख्य असलेल्या कुळांचे हात १८९८ च्या कुळकायद्याने बांधले. सामान्य वहिवाटीच्या कुळाला जमीन मनाप्रमाणे विकता किंवा गहाण ठेवता येईना. त्याच्यापाशी तारण म्हणून उरले ते उभे पीक, बैलजोडी आणि स्वतःचे अंग. उरलेली सगळी उधारी विनातारण. आजच्या क्रेडिट कार्डाचे नाते याच उधारीशी आहे, गहाणखताशी नव्हे.

ही उधारी चाले कशी? ब्रह्मपुरी, गडचिरोली, मूल हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश. धान कापणीला येतो दिवाळीच्या पुढेमागे. घरातली कणगी रिकामी होते आषाढ-श्रावणात. नेमक्या त्याच दिवसांत बियाणे लागते आणि रोवणीच्या मजुरांना जेवू घालावे लागते. मग मालगुजाराकडून किंवा सावकाराकडून धान उचलायचे आणि सुगीत वाढीने फेडायचे. एकास सव्वा फेडायचे ती 'सवाई', एकास दीड फेडायचे ती 'दिढी'. व्याज हा शब्ददेखील या व्यवहारात क्वचितच येई.

हिशेब मांडून पाहावा. चार खंडी धान दिढीने उचलले, तर सुगीत सहा खंडी द्यायचे. पाऊस दगा देऊन गेला आणि काहीच देता आले नाही, तर पुढच्या वर्षी सहाचे नऊ होतात. तिसऱ्या वर्षी साडेतेरा. चौथ्या वर्षी सव्वावीस खंडी. मूळ उचल पोटापुरती. चार सुगी हुकल्या की ती पाचपटीहून अधिक. शिवाय धान पावसाळ्यात महाग असे आणि सुगीत स्वस्त, त्यामुळे पैशात मोजले तर आकडे निराळे दिसतात आणि सावकारही हेच कारण पुढे करी. त्याच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. पण चौथ्या वर्षीच्या सव्वावीस खंडींचे समर्थन त्यातून होत नाही.

मराठी मुलखात या वाढीला एक जुना लगाम होता : दामदुपट. व्याज मुद्दलाइतके झाले की थांबले. एका वेळी मुद्दलाच्या दुपटीपेक्षा अधिक मागायचे नाही. धान्याच्या बाबतीत धर्मशास्त्रकारांनी ही मर्यादा बरीच सैल ठेवली होती, हे येथे सांगितले पाहिजे. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी दामदुपटीचा नियम मान्य केला. पण त्यात एक फट होती. जुने खत फाडून नवे लिहिले, की साचलेले व्याज मुद्दलात मिसळे आणि दुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

ही फट रुंद केली ती १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने. जुन्या दाव्यांपासून ऋणकोचे रक्षण व्हावे, म्हणून साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली गेली. परिणाम उलटाच झाला. मुदत संपत आली की सावकार नवे खत मागे. फेडण्यास पैसा नसलेला कुणबी अंगठा उठवी. मागचे व्याज नव्या मुद्दलात जाई. दर तीन वर्षांनी कर्ज 'नवे' होई आणि दर वेळी आधीपेक्षा मोठे. दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेही या कायद्याचा हा परिणाम नोंदवला आहे. ऋणकोसाठी केलेला कायदा धनकोच्या हातात कसा जातो, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

आता क्रेडिट कार्डाच्या बिलावर छापलेल्या 'किमान देय रक्कम' या ओळीकडे पाहावे. समजा थकबाकी ५०,००० रुपये आहे आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के. भारतातील कार्डांवर असा दर नवलाचा नाही. महिन्याचे व्याज झाले १,७५० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१५. किमान रक्कम काढण्याची प्रत्येक बँकेची पद्धत निराळी असते. पाच टक्के धरली तर २,५०० रुपये भरावे लागतात. त्यांतून मुद्दलात गेले फक्त ४३५. महिन्याभरात काही नवी खरेदी केली असेल तर मुद्दल उलट वाढलेले असते. खाते 'थकीत' ठरत नाही, दंड बसत नाही, फोन येत नाहीत. जुने खत फाडून नवे लिहिले गेले, एवढेच घडले. पूर्वी ते तीन वर्षांनी घडे, आता दर महिन्याला घडते.

चांद्याची वही कोण लिही? सावकार किंवा त्याचा दिवाणजी. रोजकीर्द त्याची, खतावणी त्याची, मापही त्याचेच. कुळाने धान आणून टाकले तर ते कोणत्या तारखेला आणि किती जमा झाले, याची पावती बहुधा नसे. आपण किती देणे लागतो हे त्याला तोंडी कळे, आणि तेही सावकार सांगेल तेव्हा. गहाणखत लिहिण्याचा दिवस उजाडे तोवर रक्कम ठरलेली असे. ती वहीतून येई. खतावरची सही ही त्या वहीला दिलेली मान्यता असे.

वहीबद्दलची चीड मराठी समाजात जुनी आहे. तुकोबांनी वाट्याला आलेली कर्जखते इंद्रायणीत सोडून दिल्याची कथा घरोघर सांगितली जाते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला, तेव्हा जमावाचा मुख्य रोख होता सावकारांच्या घरातील खते आणि हुकूमनामे यांवर. माणसांवरील हल्ले तुलनेने थोडे. कागद मात्र जाळले गेले. त्यातून आलेल्या १८७९ च्या डेक्कन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा अगदी आरंभापासून हिशेब घेण्याचा अधिकार दिला. सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, अशीही तरतूद त्यात होती. पण हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. वर्धा नदीच्या पलीकडे, चांद्यात, तो नव्हता.

चांद्यात आला तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. मुंबई इलाख्याला तो सुरुवातीला लागू नव्हता; मध्य प्रांताला मात्र आरंभापासून लागू होता. म्हणजे गहाणाचे हे इंग्रजी व्याकरण पुण्याच्या आधी चांद्याला पोहोचले. साधे गहाण, ताबेगहाण, सशर्त विक्रीचे गहाण, असे प्रकार त्यात नेटके मांडलेले आहेत. यांतील तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा. दिसायला विक्री, मनात गहाण. अमुक मुदतीत पैसे आणून दिले तर जमीन परत, नाहीतर विक्री कायम. परत देण्याची अट अनेकदा वेगळ्या कागदावर लिहिली जाई. तो कागद हरवला, किंवा मुळात लिहिलाच गेला नाही, की विक्री तेवढी उरे. शेवटी १९२९ च्या दुरुस्तीने ठरवले, की अट त्याच दस्तात असेल तरच तो व्यवहार गहाण मानावा.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पोळून निघाला. कणग्या रिकाम्या झाल्या, आणि दिढीच्या हिशेबात एक काय, दोन-दोन सुगी हुकल्या. सरकारची तकावी होती. १८८३ आणि १८८४ च्या दोन कायद्यांनी जमीनसुधारणेसाठी आणि बी-बैलांसाठी कर्ज देण्याची सोय केलेली होती. पण तकावीला अर्ज लागे, चौकशी लागे, हप्ता ठरल्या तारखेला लागे. सावकार रात्री दार उघडे. त्याच्या लोकप्रियतेचे कारण शोधणाऱ्या सरकारी समित्यांनी पुष्कळ पाने लिहिली. ते कारण या एका वाक्यात मावते.

सहकाराचे पर्व १९०४ च्या कायद्याने सुरू झाले. गावातील माणसांनी मिळून पतपेढी काढायची, एकमेकांच्या कर्जाला अमर्याद जबाबदारीने बांधून घ्यायचे. कर्ज देण्यापूर्वी सभासदाची 'हैसियत' लिहिली जाई : जमीन किती, बैल किती, कोणाकोणाचे देणे किती. हा कागद महत्त्वाचा मानला पाहिजे. एका माणसाचे सर्व देणे एका जागी लिहिण्याचा, आणि ते त्याच्या शेजाऱ्यांसमोर लिहिण्याचा, हा येथील पहिला पद्धतशीर प्रयत्न. मात्र माणसे सावकाराचे देणे पंचांसमोर सांगायला लाजत आणि पंच आपल्या नातलगांचे देणे कमी लिहीत. पेढ्या बुडाल्या त्याला मंदीइतकेच हेही कारण होते.

आदिवासी जमीनमालकांसाठी १९१६ मध्ये मध्य प्रांताचा वेगळा जमीन हस्तांतरण कायदा झाला. पंजाबात १९०० मध्ये असा कायदा आला होताच. आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, गहाणही ठरावीक स्वरूपातच व्हावे, हा त्याचा गाभा. येथे एक पेच जन्मला, तो आजतागायत सुटलेला नाही. जमीन विकता येत नसेल तर ती सावकाराच्या घशात जात नाही. पण तिच्यावर वाजवी व्याजाने मोठे कर्जही कोणी देत नाही. मग माणूस पुन्हा विनातारण, चढ्या वाढीच्या उधारीकडे वळतो. या पेचामुळे कायदा चुकीचा ठरवणारे लेखक त्या काळी होते आणि आजही आहेत. गोंड, माडिया, कोलाम यांच्या हातून गेलेल्या जमिनींचा इतिहास समोर ठेवला, तर ती टीका उथळ वाटते. संरक्षणाच्या जोडीला स्वस्त उधारीची सोय कोणी उभी केली नाही, दोष तेथे आहे.

१९२९ नंतर जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. कर्जाचे आकडे मात्र जुन्याच भावांत लिहिलेले. या संकटात मध्य प्रांताने देशात प्रथमच एक पाऊल उचलले : १९३३ चा कर्जतडजोड कायदा. कर्जतडजोड मंडळे नेमली गेली. ऋणकोने किंवा धनकोने अर्ज केला, की मंडळ सर्व सावकारांना आपापले येणे लेखी मांडण्यास फर्मावी. जो सावकार मुदतीत येणे मांडणार नाही, त्याचे येणे फिटले असे समजले जाई. इतिहासात प्रथमच असे झाले, की एका शेतकऱ्याची सगळी कर्जे सरकारी मेजावर एका यादीत आली, आणि यादी अपुरी ठेवल्याची किंमत धनकोला मोजावी लागली.

पाठोपाठ १९३४ चा सावकारी कायदा आला. प्रत्येक कुळाचा स्वतंत्र हिशेब ठेवायचा आणि दर वर्षी त्याला सहीचा, वाचता येईल असा उतारा द्यायचा, हे सावकारावर बंधनकारक झाले. न केल्यास न्यायालय व्याज नाकारू शके. कागदावर हा मोठा विजय होता. प्रत्यक्षात उतारा वाचायला अक्षर लागे, आणि एटापल्लीच्या रानात अक्षर सरकारपेक्षाही दुर्मीळ होते. १९४० च्या आरंभी डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन याने आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात कर्जबाजारीपणा आणि जमीन जाणे हे दोन्ही प्रश्न एकत्रच हाताळले आहेत. ते वेगळे करता येणारे नव्हतेच.

३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. मालगुजारांच्या तलावांना आज 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. अनेकांना तो शब्द नात्यातला वाटतो. १९५६ मध्ये चांदा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. १९७४ मध्ये महाराष्ट्राने जमीन महसूल संहितेत ३६-अ हे कलम घातले : आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणे, बक्षीस देणे, भाड्याने वा गहाण देणे, यांपैकी काहीही कलेक्टरच्या मंजुरीशिवाय नाही, पाच वर्षांपुढील गहाण किंवा भाडेपट्टा आणि विक्री यांसाठी राज्य सरकारची पूर्वसंमतीही हवी. त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातची गेलेली आदिवासी जमीन परत मिळवण्याचा मार्ग उघडला.

आषाढातली रिकामी कणगी मात्र तशीच होती. तिच्यासाठी १९७८ पासून राज्याने 'खावटी' कर्ज सुरू केले, पावसाळ्यात खाण्यापुरते. सव्वाशे वर्षे सवाई-दिढीने जे काम केले, ते करण्याचा सरकारने केलेला हा थेट प्रयत्न. वसुली रडतखडत झाली, माफ्या झाल्या, आणि २०२०-२१ मध्ये कर्जाऐवजी कुटुंबामागे ४,००० रुपयांचे खावटी अनुदान आले, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात.

दरम्यान जिल्ह्याच्या पश्चिमेकडे निराळीच पत उभी राहत होती. वरोरा, बल्लारपूर आणि घुग्गुसच्या कोळशामागून बल्लारपूरची कागद गिरणी आली, १९८० च्या दशकात दुर्गापूरजवळ महाऔष्णिक वीजकेंद्र आले. या कामगारांपाशी शेत असो वा नसो, महिन्याची पगारचिठ्ठी होती. १९७७ मध्ये एचडीएफसीने घरासाठी कर्ज देण्याचा धंदा देशात रुजवायला सुरुवात केली. १९८० मध्ये सेंट्रल बँकेने क्रेडिट कार्ड आणले. पगारावर घर आणि पगारावर उधारी, या दोन्ही वाटा एकाच खिशातून निघाल्या. पण पुढील वीस वर्षे एका बँकेला दुसऱ्या बँकेची वही दिसत नव्हती.

ती दिसू लागली 'सिबिल'मुळे. ही कंपनी २००० मध्ये स्थापन झाली, पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ मध्ये झाला. आज अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. १९३३ च्या मंडळापुढची यादी आणि हा अहवाल यांचा साचा एकच, सर्व देणी एका कागदावर. हेतू मात्र उलटे. ती यादी ऋणकोचा भार कमी करण्यासाठी होती. हा अहवाल धनकोला सावध करण्यासाठी आहे.

बँक ही वही कशी वाचते, हे गृहकर्जाचा विचार करणाऱ्याने अर्जाच्या सहा-आठ महिने आधी समजून घेतलेले बरे. पहिली गोष्ट वेळेवर फेड. एक चुकलेली तारीखही नोंदली जाते. दुसरी, मर्यादेचा वापर. कार्डाची मर्यादा एक लाख आणि दरमहा नव्वद हजार वापरले, तर पूर्ण बिल वेळेवर भरूनही अहवालात माणूस ओढगस्तीचा दिसू शकतो, कारण बँक बिलाच्या तारखेची थकबाकी कळवते. म्हणून वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवावा असा संकेत आहे. मोठी खरेदी झालीच तर बिल निघण्याआधीच रक्कम भरून टाकता येते. तिसरी गोष्ट, कार्डावरचे हप्ते. कार्डावर फ्रिज हप्त्याने घेतला तर तो हप्ता मासिक देण्यात धरला जातो आणि तेवढ्या प्रमाणात घराचे मिळणारे कर्ज आटते.

काही जण अर्जापूर्वी 'स्वच्छ' दिसावे म्हणून सर्वांत जुने कार्ड बंद करतात. ही चूक आहे. कार्ड गेले की त्याची मर्यादा जाते, उरलेल्या कार्डांवरील वापराची टक्केवारी एकदम चढते, आणि वहीचे वयही कालांतराने घटते. याच काळात चार ठिकाणी नव्या कार्डासाठी अर्ज करणेही वाईट. प्रत्येक चौकशीची नोंद राहते. आणि थकबाकी 'सेटल' करून घेणे सर्वांत महागात पडते. वसुली करणारा माणूस फोनवर ती सवलत म्हणून सांगतो, अहवालात मात्र 'पूर्ण फेडले नाही' असाच तिचा अर्थ होतो आणि ती नोंद वर्षानुवर्षे राहते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडली गेली. वरचा अधिभार ठरवताना अनेक बँका स्कोअर पाहतात. वीस वर्षांच्या कर्जावर पाव-अर्धा टक्का म्हणजे लाखांचा फरक.

वही पाहण्याचा हक्क आता आहे. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनाशुल्क द्यायचा असतो. त्यात चूक असेल, म्हणजे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर किंवा फेडलेले खाते अजून उघडे, तर तक्रार करता येते. तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर एप्रिल २०२४ पासून दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी माहिती पंधरवड्याने कळवायची आहे, म्हणजे आज केलेली दुरुस्ती किंवा भरलेली थकबाकी पूर्वीपेक्षा लवकर दिसते. १९३४ च्या कायद्यातील 'वाचता येईल असा उतारा' तो हाच. फक्त आता तो सावकार घरी आणून देत नाही, स्वतः मागावा लागतो.

पूर्वेकडे, गडचिरोलीत, जमिनीची गोष्ट निराळी आहे. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारशाने जातो, परंतु विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. अर्थात गहाणाचा मार्ग बंद. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०१३ मध्ये देवाजी तोफा यांच्या या गावाने ग्रामदानाचा ठराव करून शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन केली. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार पंचायत आणि ग्रामसभेच्या पातळीवर आणला. २००२ चा सरफेसी कायदा, ज्याने बँक न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेते, तो शेतजमिनीला लागूच नाही. जमीन जाऊ नये यासाठी दीड शतकात उभ्या राहिलेल्या या भिंती आहेत.

या भिंतींच्या आत वाढलेली मुले आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, वनरक्षक आणि पोलीस आहेत. गडचिरोली किंवा चंद्रपूर शहरात घर घेताना वडिलांची जमीन त्यांच्या कर्जाला तारण होत नाही. गावठाणातील घराला पूर्वी कागदच नसे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून मिळणारी मालमत्ता पत्रके ही उणीव आता कोठे भरून काढत आहेत. शहरात घ्यायचे घर हेच त्यांचे एकमेव तारण, आणि त्याच्या मोलाचा काही भाग आधी स्वतःच्या खिशातून घालावा लागतो : रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. बाकी बँकेसमोर असतात दोनच कागद, एक पगारचिठ्ठी आणि दुसरा तो अहवाल, ज्यात पहिल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी उत्साहाने घेतलेल्या कार्डाची प्रत्येक तारीख लिहिलेली असते.